गावाच्या नावाचे खाते

पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: २४५.५०. वैनगंगेचे पाणी कारधा पुलाजवळ एवढ्या मीटरवर गेले की ती धोक्याची पातळी. नदीकाठच्या घरात धान्याची पोती उचलून ठेवायची की नाही, गुरे सोडायची की नाही, हे त्या आकड्यावर ठरते. नागपूरहून रायपूरकडे जाणारा माणूस भंडारा शहर सोडतो, नदी ओलांडतो आणि पलीकडच्या तीरावर त्याला कारधा लागते. बहुतेकांच्या लेखी ते महामार्गावरचे एक गाव. आम्हा भंडाऱ्याकडच्या लोकांसाठी मात्र नदीची नाडी कारध्याला बघायची असते.

दुसरा एक आकडा तेवढाच महत्त्वाचा आहे, पण तो फार कमी लोक या आकड्याशेजारी ठेवून पाहतात. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याची पूर्ण संचय पातळीही २४५.५० मीटर. धरण तुडुंब भरलेले असताना वरून लोंढा आला, तर कारध्याच्या पात्रातले पाणी उतरणार कुठे? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याचे उत्तर मिळाले. मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, आणि वैनगंगा धोक्याची रेषा ओलांडून भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली. जिल्ह्यातल्या शेकडो घरांत चिखल साचला आणि उभे धान पाण्याखाली गेले.

पूर हा निसर्गाचा, हे खरे. पण वैनगंगेची आजची चाल माणसाच्या पैशाने ठरवली आहे. तो पैसा कोणी दिला, कोणाच्या हाती दिला आणि त्याचा हिशेब कोणापुढे झाला, हा या लेखाचा विषय. गेल्या चाळीस वर्षांत पाणी, माती आणि गरिबी या तिन्हींसाठी महाराष्ट्रात विकास बँकांचा भरपूर पैसा आला. काही ठिकाणी त्याने माळरानावर पाणी उभे केले, काही ठिकाणी तो कालव्याच्या काँक्रीटमध्ये जिरला. फरक कुठे पडला ते पाहायचे तर आधी गोसेखुर्दकडे आणि मग थेट नगरच्या दुष्काळी डोंगरांकडे जावे लागेल.

गोसेखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. प्रकल्पाचे नाव इंदिरासागर. मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटींचे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, असे स्वप्न होते. धानाचा शेतकरी एका पाण्यासाठी आभाळाकडे बघतो, ही इथली खरी व्यथा. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, लोंबी निसवताना पुन्हा मारतो. त्यामुळे धरणाची मागणी लोकांचीच होती, हे विसरता कामा नये. ज्यांची गावे बुडाली त्यांतल्याही अनेकांनी, पाणी येईल म्हणून, सुरुवातीला विरोध केला नव्हता.

पुढची हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००९ मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर केले. खर्च वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. महालेखापालांनी ताशेरे मारले, चौकश्या लागल्या, कालव्यांचे अस्तरीकरण उखडून पुन्हा करावे लागले. २०१६-१७ मध्ये केंद्राने देशातले रखडलेले ९९ सिंचन प्रकल्प निवडले. त्यांतले २६ महाराष्ट्रातले, आणि त्यांत गोसेखुर्द. या प्रकल्पांसाठी नाबार्डमध्ये वीस हजार कोटींचा दीर्घकालीन सिंचन निधी उभारला गेला. नाबार्ड म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक, १२ जुलै १९८२ रोजी स्थापन झालेली. रखडलेले काम पुढे नेण्यासाठी बँकेने पुढाकार घेतला, यात गैर काही नाही. पण ही सगळी देवघेव बँक, केंद्र, राज्य आणि पाटबंधारे महामंडळ यांच्यातली. ज्याच्या बांधीत हे पाणी यायचे त्या गावाने त्या हिशेबाचे एक पानसुद्धा कधी पाहिले नाही.

वैनगंगेच्या काठची दुसरी गोष्ट घाणीची आहे. नागपूरच्या पश्चिमेला लाव्हाच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते, शहराचे सांडपाणी पोटात घेते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेला मिळते. आंभोऱ्यापासून खाली सगळे गोसेखुर्दचे पाणी. म्हणजे एका महानगराचा मैला एका राष्ट्रीय प्रकल्पाच्या जलाशयात येऊन थांबतो. धरणाचा फुगवटा वर सरकला की ते पाणी वरच्या अंगालाही पसरते, ही भंडाऱ्याच्या लोकांची जुनी तक्रार आहे. ढिवर बांधवांच्या जाळ्यात मासळी घटली, पाण्यावर जलपर्णी पसरली, नळाला येणाऱ्या पाण्याचा वास बदलला, हे बोलणे काठावरच्या कुठल्याही गावात ऐकू येते.

यावर उपाय म्हणून नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना आखली गेली, ती जपानच्या जायका या विकास संस्थेच्या साहाय्याची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने १,९२७ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा, १५ टक्के नागपूर महापालिकेचा. मलवाहिन्या, उदंचन केंद्रे, शुद्धीकरण प्रकल्प असे तिचे स्वरूप. योजना हवीच होती, उलट फार उशिरा आली. तरी एक गोष्ट खटकते. घाण भोगणारा माणूस पवनी, भंडारा आणि कुहीच्या काठावर राहतो, आणि योजनेच्या हिश्श्यांच्या या वाटणीत त्याचे नाव कुठेच नाही. नदी शुद्ध झाली की नाही हे सांगण्याचा पहिला हक्क ज्याचा, त्याला कागदावर जागा नाही.

आता नगरकडे वळू.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या मनावर जो घाव घातला, त्यातून दोन गोष्टी जन्मल्या. एक रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी ती मांडली आणि खडी फोडणाऱ्या हातांना कायद्याने कामाचा हक्क मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे एक साधा प्रश्न: ही खडी फोडून गावाचे पाणी वाढते का? या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांनी शोधले. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्या बळावर ओढे अडवले. मराठवाड्यात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आडगावात तेच काम केले. पाणलोट हा शब्द तेव्हा सरकारी परिपत्रकातून उठून पारावर येऊन बसला.

याच नगर जिल्ह्यात एक स्विस जेझुइट धर्मगुरू राहत होता. हर्मन बाखर हे त्यांचे नाव. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची बहुतेक वर्षे नगरच्या शेतकऱ्यांत काढली. विहिरी, कर्ज, इंजिने, बियाणे अशी मदत त्यांच्या सोशल सेंटरने वर्षानुवर्षे केली होती. पण विहीर खणली तरी पाणी कुठून येणार? डोंगर उघडा असेल तर पाऊस माती घेऊन पळतो आणि विहीर जानेवारीतच तळ दाखवते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाखर यांनी जर्मन सरकार, भारत सरकार आणि नाबार्ड या तिघांना एका कल्पनेभोवती बसवले. एका गावाचे राळेगण होते ते असामान्य नेत्यामुळे. असा नेता नसलेल्या शेकडो गावांचे काय? तिथे नेत्याची जागा एखादी पद्धत घेऊ शकेल का?

त्यातून १९९२ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचा. ही बँक १९४८ मध्ये जन्मली ती बेचिराख झालेला जर्मनी उभा करण्यासाठी. अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा तिने जर्मन कारखान्यांना आणि घरांना कर्जाने दिला, परत आलेला पुन्हा दिला, आणि देश सावरल्यावर ती इतर देशांत उतरली. स्वतः उपकृत झालेल्या देशाची ही बँक. महाराष्ट्रात तिने नाबार्डला भागीदार केले. गावांची तयारी करून घेण्याचे काम वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट म्हणजे वॉटर या संस्थेकडे गेले. १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ती स्थापन केली. तिला जर्मनीच्याच जीटीझेड या तांत्रिक साहाय्य संस्थेचे बळ होते.

या कार्यक्रमाचे मोठेपण रकमेत शोधू नये. सिंचन खात्याच्या तुलनेत ती रक्कम किरकोळ होती. मोठेपण त्याच्या अटींत होते.

गाव निवडायचे ते कमी पावसाचे, उताराचे, उसासारख्या पाणीपिऊ पिकांपासून दूर असलेले, गरीब. गावाने आधी ग्रामसभेत ठरवायचे की आम्ही कुऱ्हाडबंदी पाळू, मोकाट चराई थांबवू, श्रमदान करू. मग ग्रामसभेनेच पाणलोट समिती नेमायची, तीत वाड्यावस्त्यांचे, दलितांचे, आदिवासींचे आणि बायकांचे प्रतिनिधी हवेत. पहिले वर्ष-दीड वर्ष गावाच्या शिवाराच्या एका तुकड्यावर काम करून दाखवायचे. ते जमले तरच पुढच्या टप्प्याला नाबार्डचा पैसा. अकुशल मजुरीच्या खर्चाचा सुमारे १६ टक्के भाग गावाने श्रमदानातून सोसायचा. भूमिहीन कुटुंबांना आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या गरीब घरांना त्यातून सूट. त्या श्रमदानाच्या मोलाचा काही वाटा देखभाल निधीत जमा व्हायचा, म्हणजे प्रकल्प संपला आणि बांध फुटला तर गावाला हात पसरायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाची अट पैशाची: रक्कम पाणलोट समिती आणि सोबतची स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त बँक खात्यात थेट यायची. दोन्ही सह्या हव्यात. खाते गावाच्या नावाचे.

एक प्रसंग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे, कारण कार्यक्रमाचा सगळा जीव त्यात होता. त्याला नेट प्लॅनिंग म्हणत. नकाशा टेबलावर पसरून वरून रेषा मारण्याची सवय असलेल्या अभियंत्याला शेतावर जावे लागे. गट नंबर घेऊन, सातबारा हातात धरून, त्या गटाच्या मालकाला सोबत घेऊन, आणि नुसत्या नवऱ्याला नाही, नवरा-बायको दोघांना. उतार किती, माती किती हात खोल, पाणी कुठून घुसते, कुठला बांध दरवर्षी फुटतो, हे ती दोघे सांगणार. इथे बांधबंदिस्ती करायची, तिथे झाडे लावायची, वरच्या मुरमाड तुकड्यावर सलग समतल चर खणायचे, असे ठरले की त्याची नोंद करून दोघांचा होकार घ्यायचा. हे काम कंटाळवाणे होते. एका गावाला महिने लागत. पण ज्या बाईने चर कुठे खणायचा ते स्वतः दाखवले, ती तो चर बुजू देत नाही. शेतात मोडलेल्या दगडी बांधाची पहिली खबर समितीला बायकांकडून मिळे, असे त्या काळात काम केलेले लोक सांगतात.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगर, मग उतार, मग ओढा. डोंगरावर चर आणि झाडे, ओढ्यात दगडी आणि गॅबियन बंधारे, शेवटी मातीचा नाला बांध. उलटे केले की पहिल्याच पावसात गाळ येऊन खालचा बंधारा भरतो. हे ज्ञान नवे नव्हते, ते शिस्तीने पाळले जाणे नवे होते.

संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे यातले गाजलेले गाव. पर्जन्यछायेतले, डोंगर उघडा, वर्षातले तीन-चार महिनेच शेतीत काम, बाकीचे महिने ऊसतोडीला नाहीतर मजुरीला बाहेर. १९९६ ते २००१ या काळात तिथे काम झाले. त्यानंतर शेतीतले काम वर्षातले नऊ-दहा महिने मिळू लागले. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २००५ च्या आपल्या जागतिक अहवालात दरेवाडीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. गरिबाची संपत्ती निसर्गात असते, ती सावरली तर गरिबी हटते, हे त्या अहवालाचे सूत्र होते आणि त्याला दरेवाडी हा पुरावा होता.

तरीही सगळे गोडगुलाबी होते असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चराईबंदीचा पहिला फटका कोणाला बसतो? ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत त्याला. शेळी ही गरीब बाईची ठेव असते. दवाखाना, लग्न, शाळेची फी, अडीनडीला ती मोडता येते. डोंगर बंद झाला की ती ठेव विकावी लागते, आणि डोंगर हिरवा झाल्यावर वाढलेले पाणी मुरते ते जमीनवाल्याच्या विहिरीत. दरेवाडीत मेंढपाळ कुटुंबांनी विरोध केला तो याच कारणाने. जॉन केर यांनी गणेश आणि वसुधा पांगारे यांच्यासह महाराष्ट्र आणि आंध्रातल्या ८६ गावांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. लोकसहभागाचे प्रकल्प नुसत्या सरकारी तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, पण लाभाचे माप जमीनवाल्यांकडे झुकलेले आणि किमतीचे माप भूमिहीनांकडे. पुढे आणखी एक दुखणे उघडे पडले. पाणी वाढले तसे विंधन विहिरीही वाढल्या. ज्या पाण्यासाठी गाव एकत्र आले, ते उपसण्यात मात्र जो तो एकटा झाला. जमिनीवरच्या चराला नियम होता, जमिनीखालच्या पाण्याला नव्हता.

या त्रुटी मान्य करूनही माझे मत ठाम आहे. या कार्यक्रमाने महाराष्ट्राला जे दिले ते चर आणि बंधारे यांपेक्षा मोठे होते. खेड्यातली माणसे लाखोंचा हिशेब ठेवू शकतात, हे एका परदेशी आणि एका राष्ट्रीय बँकेने मान्य केले आणि तसे वागून दाखवले. १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी जाहीर केला. शंभर कोटी केंद्राचे, शंभर कोटी नाबार्डचे. त्याची पद्धत बरीचशी याच अनुभवावर बेतलेली होती. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यातही नाबार्डमार्फत पाणलोटाची कामे झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा. बाखर २०२१ मध्ये वारले, पण त्यांची पद्धत तोवर देशाच्या कागदपत्रांत रुजली होती.

या यादीत भंडारा नव्हता. असायचे कारणही नव्हते, असे वरवर पाहता वाटेल. आमच्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, तळी हजारोंनी, जंगल शेजारी. दुष्काळी गावाच्या निकषात आम्ही बसत नाही. पण ज्या गोष्टी नगरच्या गावांत १९९२ नंतर घडवाव्या लागल्या, त्या भंडाऱ्याच्या गावांत काही शतके आपसूक होत्या, आणि आपण त्या एका कायद्याने घालवल्या. हा भाग मराठी वाचकाला फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची रीत होती. चांद्याकडे अशा जमिनीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहरात आजही तुकूम नावाचा भाग आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी या कामात पिढ्यान्‌पिढ्या कसब मिळवले. जमिनीचा उतार डोळ्याने वाचून पाळ कुठे घालायची ते ते ठरवत. त्यांच्या तलावाची रचना पाहिली की मन थक्क होते. मातीची लांब पाळ, तिच्या पोटात पाणी सोडायचे तुडूम, जास्तीचे पाणी वाहून जायला सलंग, वरच्या अंगाला गाळ अडवणाऱ्या लहान बोड्या. एका तलावाचे सलंगातून सांडलेले पाणी खालच्या तलावात. असे तलावांचे साखळीने जोडलेले शिवार. गरिबांना मासळी, कमळकाकडी, शिंगाडा त्याच पाण्यातून मिळे. ढिवरांचा त्यावर हक्क, गुरांचा हक्क, धान भिजवण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकण्याचे काम गावाचे. ब्रिटिश काळात मालगुजार या व्यवस्थेचा धनी झाला. अन्याय त्यातही होता, मालगुजाराची बळजबरी होती, ते सुंदर जग नव्हते. पण पाळ कोणी बांधायची आणि तुडूम कोणी उघडायचे, याला उत्तर होते.

१९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशने मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि १९५१ पासून मालगुजारी गेली. मालगुजारी जायलाच हवी होती. तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावर वेगवेगळ्या खात्यांत वाटले गेले: काही पाटबंधाऱ्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले माजी मालगुजारी तलाव, सरकारी टिपणात मामा तलाव. गावाने पाणीपट्टी भरायची आणि दुरुस्तीसाठी अर्ज करायचा, असे नवे नाते तयार झाले. ज्या तलावाची पाळ गावाने शतकानुशतके स्वतः राखली, तिच्यावर कुदळ मारायला परवानगी लागू लागली. अनुभव असा की परवानगी येईपर्यंत पावसाळा येतो. गाळ साठला, बेशरमाच्या झुडपांनी कडा व्यापल्या, अनेक तळ्यांच्या पोटात शेती झाली, घरे झाली. जलयुक्त शिवारच्या वर्षांत काही तलावांचा गाळ निघाला, ते चांगलेच झाले. अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तळ्यांतले बेशरम उपटले, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासळी परत आणून दाखवली. त्यामागे मोठ्या बँकेचे बळ नव्हते, होते ते लोकांचे ज्ञान.

बायकांच्या हाती हिशेब देण्याचा एक प्रयोग मात्र भंडाऱ्यापर्यंत पोहोचला. रोममध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने, म्हणजे इफाडने, १९९४ पासून महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा कार्यक्रमातून बचत गटांना बँकेशी जोडले. मग २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम आला. महिला आर्थिक विकास महामंडळाने, माविमने, तो राज्याच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत राबवला. २०१८ मध्ये तो संपला तेव्हा दहा लाखांवर बायका त्यात जोडल्या गेल्या होत्या. गटांचे मिळून लोकसंचालित साधन केंद्र, त्याच्या कारभारी गटातल्याच बायका, हिशेबनीस त्यांनी नेमलेला, सेवाशुल्कावर केंद्राने स्वतःचा खर्च भागवायचा. प्रकल्प संपल्यावरही केंद्रे चालू राहिली, ती त्यांची मालकी बायकांकडे होती म्हणून. सोबत पैसा आला आणि गेला, पण बँकेत स्वतःच्या सहीने व्यवहार करणारी बाई गावात उरली. आता तेजस्विनीचा पुढचा टप्पा, नव तेजस्विनी, उद्योगांवर भर देऊन सुरू आहे.

या तिन्ही गोष्टी वैनगंगेच्या काठावर उभे राहून एकत्र पाहिल्या की मला एकच गोष्ट ठळक दिसते. पैसा देणारी बँक गोसेखुर्दलाही होती, दरेवाडीलाही होती, बचत गटांनाही होती. गोसेखुर्दच्या बाबतीत आणि दरेवाडीच्या बाबतीत तर बँक एकच, नाबार्ड. वेगळे काय होते तर कागदावर सही कोणाची. जिथे गावाची आणि बाईची सही होती तिथे काम टिकले, चुकले तर गावानेच चूक धरली, आणि चुकीवर भांडण झाले तेही गावातच मिटले. जिथे सही फक्त महामंडळाची होती तिथे काम रखडले की गावाने निवेदन द्यायचे, मोर्चा काढायचा आणि न्यायालयात जायचे, एवढेच त्याच्या हाती होते.

मोठी धरणे नकोत असे मी म्हणत नाही. गोसेखुर्दचे कालवे पूर्ण व्हायलाच हवेत, ज्यांनी गावे दिली त्यांच्यासाठी तरी. पण इथून पुढे वैनगंगेच्या खोऱ्यासाठी येणारा पैसा, मग तो जायकाचा असो, नाबार्डचा असो की जागतिक बँकेचा, कोणत्या वाटेने यावा, हे ठरवण्याची वेळ आता आहे. माजी मालगुजारी तलावांसाठी नगरच्या पद्धतीचा कार्यक्रम भंडारा आणि गोंदियात उभा करता येईल: तलावनिहाय समिती, तीत ढिवर, भूमिहीन आणि बायका, गावाच्या शिवारावर गटवार नियोजन, श्रमदानातून देखभाल निधी, आणि पाणी उपसण्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरवलेले, म्हणजे नगरची चूक पुन्हा होणार नाही. नाग नदीच्या योजनेच्या देखरेखीत नागपूर महापालिकेबरोबर भंडारा जिल्ह्याच्या काठावरच्या ग्रामपंचायतींना बसवता येईल, आंभोऱ्याला आणि कारध्याला पाण्याची तपासणी होऊन तिचा निकाल दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. नाबार्डच्या भंडारा जिल्हा कार्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि जिल्ह्याच्या आमदारांनी एकत्र बसून प्रस्ताव लिहायचा आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी या जिल्ह्यातल्या ग्रामसभेचा सदस्य असेल, तर येत्या २ ऑक्टोबरच्या सभेत आपल्या गावच्या तलावाचा ठराव मांडावा आणि त्यात एक ओळ जरूर घालावी: खाते गावाच्या नावाचे हवे.